खोकला कशाचा, हें आधीं विचारा

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेपुढें दिलेलें व्याख्यान)



आज आम्ही आपणांपुढें खोकल्याविषयीं बोलणार आहों. विषय ऐकून कोणी हंसेल. खोकल्यावर व्याख्यान तें कसलें द्यायचें? पण ज्या घरांत कोणी खोकत नाहीं असें एक घर आम्हांस दाखवा. म्हातारा ओसरीवर खोकतो, सून चुलीपुढें खोकते, पोर पाळण्यांत खोकतें, आणि घरधनी रात्रीं पिकाला पाणी द्यायला जातो तो बांधावर खोकतो. रोजची गोष्ट म्हणून तिकडे कोणी पाहत नाहीं. पाहिलेंच तर तालुक्याहून एक बाटली येते, ती संपते, दुसरी येते. खोकला कशाचा आहे हें मात्र कोणी विचारीत नाहीं. घरचे विचारीत नाहींत, आणि दुःखाची गोष्ट ही कीं पुष्कळ वेळां औषध देणाराहि विचारीत नाहीं.

सर्दीचा खोकला बहुधा दोन आठवड्यांच्या आंत उतरणीस लागतो. त्याला बाटली दिली काय आणि न दिली काय. पण तसाच आवाज चुलीच्या धुराच्या खोकल्याचा असतो, दम्याचा असतो, दगडाच्या धुळीचा असतो, न्यूमोनियाचा असतो आणि क्षयाचाहि असतो. एकाचें औषध दुसऱ्यास चालत नाहीं. बैल लंगडूं लागला तर आपण आधीं खूर उचलून पाहतों, कांटा आहे कीं नाल रुतली आहे. न पाहतां त्याला डाग देणाऱ्यास आपण शहाणा म्हणत नाहीं. मग बायकापोरांच्या बाबतींत न पाहतां सुई टोंचणाऱ्यास आपण हात जोडून पैसे कां देतों?

शिकल्यासवरल्या लोकांच्या बैठकींत एक वाक्य फार ऐकूं येतें. खेडूत अडाणी, दुखणें अंगावर काढतो आणि शेवटच्या घटकेला दवाखान्यांत येतो, तेथें डॉक्टरानें काय करावें? ह्या वाक्याची परीक्षा एकदां झालेली आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेंतील डॉ. देबाबर बॅनर्जी व स्टिग अँडरसन ह्यांनीं तुमकूर जिल्ह्याच्या खेड्यांतून एक पाहणी केली व १९६३ सालीं ती प्रसिद्ध केली. तपासणींत ज्यांना क्षय आहे असें ठरलें, त्यांच्या घरीं जाऊन त्यांनीं विचारलें, बाबा, तुला कांहीं होतें आहे हें तुला ठाऊक होतें काय? बहुतेक सर्वांस ठाऊक होतें. कित्येकांस त्याचा घोर लागला होता. आणि निम्म्याच्या आसपास लोक सरकारी दवाखान्याची पायरी चढूनहि आले होते. तेथें त्यांच्या हातीं काय पडलें? खोकल्याच्या औषधाची बाटली! त्यांचा बेडका कोणीं तपासला नाहीं. क्षयाचा जंतु रॉबर्ट कॉख ह्यांनीं १८८२ सालीं बर्लिनमध्यें जगापुढें मांडला होता. काचेच्या पट्टीवर बेडक्याचा ठिपका पसरावा, रंग द्यावा, सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावें, एवढीच ती विद्या. ती ऐंशी वर्षांची जुनी झाली होती, आणि रोगी दारांत उभा होता. तरी अडाणी कोण ठरला, तर रोगी!

हें जुनें झालें, असें कोणी म्हणेल. पण २०१९ ते २०२१ ह्या सालांत सरकारनें देशभर क्षयाची पाहणी केली, तींत असें दिसलें कीं ज्यांना क्षयाचीं लक्षणें होतीं त्यांपैकीं शंभरांत सुमारें चौसष्ट जण कोठेंच उपचाराला गेले नव्हते. त्यांतले बहुतेक म्हणाले, आम्हीं लक्षच दिलें नाहीं. दोन्ही पाहण्या एका मापाच्या नव्हेत, म्हणून त्यांची वजाबाकी करूं नये. तरी आमचें मत असें आहे कीं ज्या दारांतून बाप बाटली घेऊन परत आला आणि मेला, त्या दारीं मुलगा चटकन जात नाहीं. दुर्लक्षाचीं मुळें शोधायचीं तर तीं केवळ झोपडींत शोधून भागणार नाहीं, दवाखान्यांतहि शोधावीं लागतील.

आतां क्षयाकडे वळूं, कारण जगांतल्या दर चार क्षयरोग्यांमागें सुमारें एक आपल्या देशांत आहे. दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला, संध्याकाळीं येणारा बारीक ताप, रात्रीं अंथरूण भिजविणारा घाम, उतरत चाललेलें वजन, मरत चाललेली भूक, बेडक्यांत रक्त. ह्यांपैकीं कांहींहि असलें तर बेडका तपासलाच पाहिजे. सगळीं लक्षणें एकदम येण्याची वाट पाहूं नये. वरच्याच पाहणींत असेंहि आढळलें कीं छातीचा एक्स-रे काढला नसता तर शंभरांतले बेचाळीस-त्रेचाळीस रोगी सांपडलेच नसते. म्हणून घरांत एकाला क्षय निघाला कीं बाकीच्यांनीं, अंगावर कांहीं दिसत नसलें तरी, तपासून घ्यावें.

बेडका कसा द्यावा हें कोणी नीट सांगत नाहीं, म्हणून आम्ही येथें थोडे थांबतों. डबींत थुंकी देऊं नये. थुंकी तोंडाची, रोग छातींत आहे. सकाळीं उठल्यावर कांहीं खाण्याच्या आधीं चूळ भरावी, उघड्यावर, माणसांपासून दूर उभें राहावें, दोनतीन वेळां खोल श्वास घ्यावा आणि छातीपासून खोकून घट्ट पिवळसर बेडका डबींत काढावा. फेसाळ थुंकी तपासून "क्षय नाहीं" असा कागद हातीं आला, तर तो कागद फसवा. आतां ह्या तपासणीला यंत्रेंहि आलीं आहेत. त्यांपैकीं ट्रूनॅट नांवाचें लहानसें यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यांतील मंडळींनीं बनविलेलें आहे. तें बॅटरीवर चालतें, तासा-दीड तासांत निकाल देतें, आणि नेहमींचें मुख्य औषध ह्या जंतूवर लागूं पडेल कीं नाहीं हेंहि त्यावर पाहतां येतें. २०२० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें त्यास मान्यता दिली. सरकारी दवाखान्यांत ही तपासणी फुकट आहे. गांठीचा, हाडाचा किंवा पोटाचा क्षय मात्र बेडक्यांत दिसत नाहीं. त्याची तपासणी निराळी, आणि ती डॉक्टरानेंच करावी.

आमच्या माहितींतला एक सुतार. वर्षाचा पावसाळा संपला आणि त्याला खोकला धरला. गांवांत मोटारसायकलवरून येणारा एक इसम त्याला दर चार दिवसांनीं सुई देई. सुई घेतली कीं दोन दिवस अंगांत तरतरी येई, भूक लागे, रंधा जोरांत चाले. मग पुन्हां पहिले दिवस. असें पांच महिने चाललें. त्या सुईंत काय होतें हें कोणास ठाऊक नाहीं, पण अशा तरतरीच्या सुयांत पुष्कळदां स्टेरॉइड असतें, आणि तें घटकाभर बरें वाटवून अंगांतली रोगाशीं झगडण्याची ताकद उलट मारतें. कांहीं अँटिबायॉटिक गोळ्याहि अशा आहेत कीं त्या क्षयाला नुसत्या दडपतात. रोग दबतो, तपासणी चुकते आणि महिने जातात. सुताराचा बेडका अखेर तपासला तेव्हां क्षय निघाला. तोंवर त्याची दोन वर्षांची मुलगी त्याच्याच अंथरुणांत निजत होती. दोघेंहि पुढें बरीं झालीं; पण सुयांपायीं गेलेले पैसे आणि गहाण पडलेलीं हत्यारें हा हिशोब कोणत्याहि दवाखान्याच्या वहींत चढत नाहीं.

क्षय म्हटला कीं घरांत रडारड होते. ताट वेगळें, पेला वेगळा. आणि रोगी सून असली तर तिची रवानगी माहेरीं. मायबहिणींनो, ही गोष्ट आम्हांस फार सलते, म्हणून मद्रासचा दाखला देतों. एके काळीं क्षयरोग्याला सॅनेटोरियममध्यें नेऊन ठेवीत. मिरजेजवळच्या वानलेसवाडीचें सॅनेटोरियम आपल्यांतल्या वृद्धांस आठवत असेल. पण तेथें जागा किती आणि रोगी किती! म्हणून १९५६ सालीं मद्रासला एक प्रयोग सुरू झाला. गरीब वस्तींतल्या रोग्यांचे दोन गट केले. एका गटास सॅनेटोरियममध्यें निजवून, चांगलें खायला घालून औषध दिलें. दुसऱ्यास त्यांच्या दाटीवाटीच्या घरींच ठेवून तेंच औषध दिलें. १९५९ सालीं निकाल प्रसिद्ध झाला. घरीं राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले. आणि घरांतल्या इतर माणसांना क्षय होण्याचें प्रमाण, रोगी घरांत ठेवल्यामुळें, वाढलें नाहीं. कारण उघड आहे. रोग पसरतो तो मुख्यतः औषध सुरू होण्यापूर्वीं, खोकल्याबरोबर हवेंतून. लागूं पडणारें औषध सुरू झालें कीं कांहीं आठवड्यांत तें पसरणें फार कमी होतें. ताटवाटीनें, कपड्यानें क्षय लागत नाहीं. म्हणजे सुनेला माहेरीं धाडून घर वांचत नाहीं. तिचा खोकला दोन आठवड्यांनीं न तपासतां पांच महिन्यांनीं तपासल्यानें घर बुडतें.

औषध साधारणपणें सहा महिन्यांचें, फुकट. त्यानें लघवी नारिंगी-तांबडी होते. तें रक्त नव्हे, भिऊं नये. मळमळ होईल, ती सांगावी. डोळे पिवळे झाले तर मात्र त्याच दिवशीं डॉक्टरास दाखवावें. दोन महिन्यांत बरें वाटूं लागतें, आणि पुरुष मंडळी तेथेंच चुकतात. सुगी आली, ऊसतोडीची टोळी निघाली कीं गोळ्या खुंटीला. अर्धवट मारलेला जंतु पुढें औषधाला दाद देईनासा होतो. टोळीबरोबर जायचें असेल तर जावें, पण आधीं दवाखान्यांत सांगावें. औषध दुसऱ्या जिल्ह्यांत मिळण्याची सोय आहे. घरांतल्या निरोगी माणसांसाठींहि आतां प्रतिबंधक गोळ्या आहेत, त्यांतली एक पद्धत आठवड्यांतून एकदां अशी बारा आठवडे घेण्याची. तीहि मागून घ्यावी.

आणि दोष एकट्या रोग्याचा नसतो, हेंहि येथेंच सांगून टाकूं. २०२४ सालच्या मार्चच्या सुमारास देशांत ह्याच औषधांचा तुटवडा पडला, आणि राज्यांना तीं बाजारांतून विकत घ्या असें सांगण्याची पाळी आली. गोळी चुकविली म्हणून रोग्याला दटावणाऱ्यांनीं गोळी पुरविण्याचें स्वतःचें कामहि चुकवूं नये.

आतां लहान मुलांचा खोकला. येथें दोन आठवडे थांबायचें नाहीं. दोन दिवसांत मूल जातें. न्यूमोनिया ओळखायला छातीला नळी लावणारा डॉक्टर पाहिजे, असें सर्वांस वाटे. पापुआ न्यू गिनी ह्या दूरच्या डोंगराळ मुलखांत डॉ. फ्रँक शॅन व त्यांचे सहकारी ह्यांनीं मुलें नीट पाहून १९८४ सालीं दाखवून दिलें कीं नळीवांचूनहि, नुसते श्वास मोजून, खोकणाऱ्या मुलाला न्यूमोनिया आहे कीं नाहीं हें पुष्कळसें ठरवितां येतें. तीच गोष्ट आपल्या गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनीं गांवच्या माणसांच्या आणि सुइणींच्या हातीं दिली. पण सुईण पन्नासपर्यंत मोजणार कशी? अक्षरओळख नाहीं, आंकडे वीसच्या पुढें अडतात. त्यांनीं एक साधी युक्ति केली. एका मिनिटाचें वाळूचें घड्याळ आणि तारेंत ओंवलेले मणी. दहा श्वास झाले कीं एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वीं तांबड्या मण्याची पाळी आली कीं न्यूमोनिया समजावा आणि औषध सुरू करावें. ज्या बाईला सारें जग निरक्षर म्हणत होतें, ती रोग ओळखूं लागली! १९८८ सालीं हा प्रयोग सुरू झाला, १९९० सालीं त्याचा निकाल छापून आला. जेथें हें काम चाललें तेथें न्यूमोनियानें मरणारीं मुलें, जेथें चाललें नाहीं तेथल्या मानानें, पुष्कळ कमी झालीं. पुढें त्यांनीं ३९ गांवांत नवजात बालकांची घरींच काळजी घेण्याची पद्धत बसविली, आणि तेथील नवजात मृत्यु ६२ टक्क्यांनीं उतरल्याचें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. आज आपल्या गांवची आशाताई बाळंतिणीच्या घरीं येते, ती २०११ पासून देशभर सुरू झालेली रीत त्याच कामांतून निघाली आहे.

तर आयांनो, हे आंकडे ध्यानांत धरा. मूल शांत असतां, अंगावर पीत नसतां, रडत नसतां, पोट वर-खालीं होतें तें पुरें एक मिनिट मोजावें. दोन महिन्यांच्या आंतील बाळाचे ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पांच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक श्वास आले, तर तो साधा खोकला नव्हे; त्याच दिवशीं आशाताईला बोलवा किंवा दवाखाना गांठा. आणि श्वास घेतांना बरगड्यांखालची छाती आंत ओढली जात असेल, मूल पीत नसेल, आंचके देत असेल किंवा जागें करूनहि पेंगत असेल, तर मोजीत बसूं नका. तसेंच उचला आणि इस्पितळांत न्या. दोन महिन्यांच्या आंतल्या बाळाची तर कसलीहि शंका घरीं ठेवूं नये.

पाथरवट, वडार, खडीच्या क्रशरवर जाणारे बांधव येथें बसले आहेत. त्यांच्या खोकल्याविषयीं दोन शब्द. दगडाची बारीक धूळ फुफ्फुसांत जाऊन बसते व तीं घट्ट होत जातात. त्यास सिलिकोसिस म्हणतात. एक्स-रेमध्यें तो पुष्कळ वेळां क्षयासारखाच दिसतो, म्हणून बेडक्यांत जंतु नसतांहि एकदां, दोनदां, तीनदां क्षयाचींच औषधें दिलीं जातात. रोग तसाच वाढतो. उलट, धूळ खाल्लेल्या फुफ्फुसाला खरोखरचा क्षयहि लौकर धरतो, म्हणून बेडका तपासणें चुकवायचें नाहीं. ह्यांत केवळ औषधाचा प्रश्न नाहीं. सिलिकोसिस हा कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यांत धंद्याचा रोग म्हणून नोंदलेला आहे. क्षय असें कागदावर लिहिलें कीं खाणमालक मोकळा! म्हणून डॉक्टरास आपण होऊन सांगावें कीं मी इतकीं वर्षें दगड फोडतों, आणि तें कागदावर लिहून मागावें. गेलेलें फुफ्फुस परत येत नाहीं. पाणी मारून धूळ बसविणें हाच काय तो उपाय, आणि तो मालकाच्या खर्चाचा आहे.

खाण्याविषयीं बोलल्यावांचून क्षयाचें बोलणें पुरें होत नाहीं. झारखंडांत क्षयरोग्यांच्या घरच्या माणसांना सहा महिने, माणशीं दरमहा पांच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. २०२३ सालीं त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. ज्या घरीं केवळ रोग्यालाच शिधा मिळाला, त्यांच्या मानानें ह्या घरांत नवा क्षय ३९ टक्क्यांनीं कमी निघाला. तांदूळ आणि डाळ! हें आमच्या आजीला ठाऊक होतें असें कोणी म्हणेल, आणि तें खरेंहि आहे; पण आतां तें मोजून सिद्ध झालें आहे, म्हणून मागण्याला जोर आला. रोग्याच्या खात्यावर सरकार २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. ते येतात कीं नाहीं, हें पाहावें. आले तर त्यांचें तेल, डाळ, अंडीं आणावीं. खताची उधारी त्यांतून फेडूं नये.

दवाखान्यांनीं काय करावें? आमची मागणी मोठी इमारत बांधा अशी नाहीं. केसपेपर काढणाऱ्यानेंच प्रत्येकास विचारावें, खोकला किती दिवसांचा? दोन आठवड्यांवर असला तर डबी त्याच दिवशीं द्यावी, मग तो पायाला लागलें म्हणून आलेला असो. यंत्र तालुक्याला असेल तर नमुना तिकडे जावा, माणूस जाऊं नये. कारण मजुराला तालुक्याची खेप म्हणजे बुडालेला रोज, आणि "उद्यां या" म्हटलें कीं तो येत नाहीं. निकाल फोनवर कळवावा. प्रयोगशाळेंतली जागा रिकामी किती महिने आहे, यंत्राचें सामान कधींपासून संपलें आहे, हें ग्रामसभेंत विचारावें व उत्तर ठरावाच्या वहींत लिहवून घ्यावें. रस्ता आणि गटार ह्यांवर आपण तीन तीन तास भांडतों. बेडक्याच्या डबीवर एकदां अर्धा तास भांडून पाहूं.

आणि खासगी डॉक्टरापुढें बसलां असतां दोन प्रश्न विचारायला लाजूं नका. मला काय झालें आहे? तें आपण कशावरून ठरविलें? चांगला डॉक्टर रागावत नाहीं, तो सांगतो. जो रागावेल, त्याच्याकडून सलाइनची बाटली लावून घेण्यापूर्वीं थोडा विचार करा. अशक्तपणा वाटतो म्हणून जी बाटली लावतात तींत बहुतेक मीठ-पाणी किंवा साखर-पाणीच असतें. धडधाकट पिणाऱ्या-खाणाऱ्या माणसाला तें तोंडानें घेतां येतें.

आतां आमचें बोलणें आटोपतें घेतों. सभा सुटल्यावर कोणी लगेच उठूं नये. उजवीकडे देवळाच्या पायऱ्यांवर आशाताई डब्या घेऊन बसल्या आहेत; ज्यांचा खोकला दोन आठवड्यांवरचा असेल त्यांनीं नांव सांगून डबी न्यावी आणि उद्यां सकाळीं आठाच्या आंत उपकेंद्रावर भरून आणून द्यावी. ज्या आयांच्या कडेवर पांच वर्षांच्या आंतलीं मुलें आहेत त्यांनीं पारापाशीं यावें. तेथें घड्याळ लावून श्वास कसे मोजायचे हें एकेकीकडून करवून घेणार आहों. ज्यांना शंभरपर्यंत आंकडे येत नाहींत त्यांनींहि यावें, तेथें मणी ठेवले आहेत.